विषय क्रमांक नऊच्या अनुमोदक

भागाबाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी म्हणायचो, अजून कामावर आहे, कसं लिहिणार. काम सुटल्यावर म्हणू लागलो, आता कुणाला काय पडलंय त्याचं. मग मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, तीही कारणाला पुरली. खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्याबद्दल काहीही चांगलं लिहायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्यात मी स्वतः येऊन उभा राहायचो, आणि तिथे पेन अडायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. पांढरकवडा आणि मारेगावच्या मधात कुठेतरी आहे असं समजावं. बाईंचं आडनावही लिहीत नाही, कारण मी त्यांना विचारलेलं नाही. कागदावर त्या चंद्रभागा, लोकांत भागाबाई. बौद्ध वस्तीच्या तोंडाशी त्यांची पिठाची चक्की होती आणि त्या वस्तीच्याच त्या नगरसेविका होत्या. मी नगर पंचायतीत सभेचं काम बघायचो. खरं तर अठ्ठावन्नाला निवृत्त झालो होतो, पण सभेची विषयपत्रिका काढणं, ठराव लिहिणं, प्रोसिडिंग बुक सांभाळणं हे माझ्यासारखं कुणाला जमत नाही म्हणून मला मानधनावर परत बोलावलं होतं. सगळे मला मोठेबाबू म्हणत. ‘मोठेबाबू म्हणजे नियमाचा माणूस,’ असं गावात बोललं जाई, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

नवे सदस्य निवडून आले की मी दर शनिवारी सकाळी त्यांची शाळा घ्यायचो. कुणी सांगितलेलं नव्हतं, माझीच हौस. विषयपत्रिका कशी वाचायची, उपसूचना म्हणजे काय, मतदान कधी मागायचं. पहिल्या शनिवारी सतरापैकी नऊ आले. त्यातल्या तीन बायका नवऱ्यांसोबत आल्या होत्या आणि नवरेच पुढच्या खुर्च्यांवर बसले. भागाबाई एकट्या आल्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच बाई, केसांवर आणि भुवयांवर पिठाचा थर. त्यांचे यजमान कधीच वारले होते. दारात उभं राहून त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “जयभीम मोठेबाबू. हे शाळा निवडून आलेल्यायची हाये का त्यायच्या मालकायची?”

मग एक नवरा उठला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. दुसरे दोघे चहा प्यायला गेले ते आलेच नाहीत.

त्यांचा आवाज असा मोठा का, हे चक्कीवर गेल्यावर कळायचं. तीस वर्षं पट्ट्याच्या आणि जात्याच्या घरघरीवर बोलून त्यांचा साधा आवाजच दुसऱ्यांच्या ओरडण्याएवढा झाला होता. सभागृहात माइक त्यांच्यापुढे ठेवला की त्या तो बाजूला सारत. “हे कायले? मी का मुकी हाये?”

वाचायला त्यांना वेळ लागायचा. चौथीपर्यंत शाळा. एकेक अक्षर बोटाने धरून पुढे जायच्या. पण विषयपत्रिका त्यांच्याइतकी पाठ दुसऱ्या कुणालाच नसे. ते कसं, हे मला एकदा गहू घेऊन गेलो तेव्हा दिसलं. चक्कीच्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला विषयपत्रिका टांगलेली. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने, वाचता येत असेल तर, आपलं दळण होईपर्यंत एक विषय मोठ्याने वाचायचा. हा तिथला कायदा होता. मी डबा ठेवला तर शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, “वाचा मोठेबाबू, पाच नंबर बाकी हाये.”

“अहो, मीच लिहिलंय ते.”

“मंग त तुमाले चांगलंच येत असन. वाचा.”

मी माझाच विषय चक्कीच्या आवाजावर ओरडून वाचला. भागाबाई जात्यात गहू सोडता सोडता ऐकत होत्या. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द आला तशी त्यांनी हात वर केला. “थांबा. आवश्यकता कोनाची, ते लिहिलं हाये का?”

नव्हतं लिहिलेलं. त्या शब्दाने मी तीस वर्षं कागद भरले होते.

सभेत एखादा संशयाचा विषय आला की त्या म्हणायच्या, “यात खडा हाये.” गव्हात खडा गेला तर जातं बिघडतं, म्हणून चक्कीवाल्यांचा हात आधी धान्यातून फिरतो, तसाच त्यांचा सगळ्या कागदांतून फिरायचा. एकदा नव्या पथदिव्यांचा विषय होता. प्रत्येक वॉर्डाची खांबांची यादी जोडलेली होती. भागाबाई उठल्या. “माह्या वॉर्डात बारा दिवे देऊन राह्यले, लई उपकार. पन खांब नऊच हायेत. तीन दिवे कोनाच्या डोक्यावर लावता?” उपाध्यक्ष म्हणाले, “बाई, खांब उभे राहतीन ना पुढं.” त्यावर त्या बसता बसता म्हणाल्या, “मंग आधी खांब दाखवा जी, दिवा मी सोता चढून लावतो.” त्या दिवशी विषय मागे घ्यावा लागला. उपाध्यक्ष हसत होते, पण कान लाल झालेले मी पाहिले.

शनिवारच्या शाळेत मी एक वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्यायचो. ठराव पटला नाही तर नुसतं ‘नाही नाही’ करून काही होत नाही. उठायचं, हात वर करायचा आणि स्पष्ट म्हणायचं, ‘माझा विरोध नावासकट नोंदवा.’ मग ते लिहून घ्यावंच लागतं. बाकीचे ते कविता म्हटल्यासारखं म्हणत. भागाबाईंनी ते शब्द तोंडात घोळवले आणि विचारलं, “म्हनजे मी मेल्यावरबी त्या बुकात राहीन, का भागाबाई नाही म्हने म्हनून?”

“राहील.”

“बाप्पा! मंग हे चांगली गोष्ट हाये.”

साथीच्या काळात सभा फोनवर होऊ लागल्या होत्या. साथ ओसरली, तरी काहींना ती सोय आवडली. कुणी नागपूरला मुलाकडे असे, कुणी शेतात. मग अर्धे सभागृहात आणि अर्धे फोनवर अशा सभा सुरू झाल्या आणि त्यांचा नुसता गोंधळ झाला. आमच्यापर्यंत आलेल्या कागदांत अशी सभा घ्यायला परवानगी होती, पण मत कसं मोजायचं, कोण हजर समजायचं, यावर फारसं काही नव्हतं. मी म्हटलं, नियम मी लिहितो.

एका शनिवारी त्याची तालीम घेतली. सगळ्यांना आपापल्या घरून फोनवर यायला सांगितलं आणि मी कार्यालयात संगणकापुढे बसलो. फक्त भागाबाई माझ्या शेजारी बसल्या, त्यांच्याकडे तेव्हा तसला फोन नव्हता. पडद्यावर एका चौकटीत नुसता पंखा फिरत होता. एक सदस्य न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावून हजर होते. एका नगरसेविकाताई मात्र अगदी नीट बसल्या होत्या, मागे फुलाफुलांचा पडदा. मी काही विचारलं की त्या क्षणभर थांबत आणि मग एकदम बरोबर उत्तर देत. मला कौतुक वाटलं. भागाबाई पडद्याच्या जवळ वाकल्या.

“मोठेबाबू, त्या पडद्याले पाय हायेत.”

खरंच होते. पुरुषाचे, चपला घातलेले.

तिथून तो नियम आला. मत देताना खोलीत दुसरं कुणीही नको, दार लावून घ्यायचं, आणि फोन गोल फिरवून सगळी खोली सभेला दाखवायची. हा नियम भागाबाईंचा होता, शब्द माझे. “नाहीतर बाई आमची बसन आन मत तिच्या मालकाचं पडन,” त्या म्हणाल्या. तो नियम लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. 

त्याच कागदावर आणखी एक नियम होता, तो पूर्ण माझा. फोनवरच्या सदस्यांचे आवाज सारखे जात. कुणाचा बंद, कुणाचा तुटका. त्यांना विचारत बसलं की सभा संध्याकाळपर्यंत चाले. म्हणून मी लिहिलं, ‘ज्या सदस्याचा ध्वनी बंद असेल त्याची ठरावास संमती आहे असे समजण्यात येईल.’ वाचून दाखवलं तेव्हा भागाबाई म्हणाल्या, “असं काहून? एखादी बाई डबा ठेवून गुपचूप उभी राह्यली म्हनजे तिचे गहू मी बारीकच दळायचे का? इचारतो ना मी तिले, बारीक का जाडं.”

“बाई, सभेला शिस्त लागते.”

“शिस्त लावा जी. पन इचारा तरी.”

मी हसून पान उलटलं. नियम मंजुरीला आले तेव्हा त्यांनीही हात वर केला. म्हणाल्या, “तुमी लिहिलं म्हनजे बरोबरच असन.”

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. खरं तर हे सभेत ज्याने त्याने उठून म्हणायचं असतं. आमच्याकडे कुणी म्हणत नसे. मी सभेच्या आदल्या दिवशीच सगळं प्रोसिडिंग लिहून ठेवायचो, ‘सर्वानुमते मंजूर’सकट, आणि सूचक-अनुमोदकांची नावं पाळीने टाकायचो. कुणाचं नाव कमी आलं म्हणून रुसवा नको. सभेत काही वेगळं झालं तर नंतर ती ओळ बदलायची. तीस वर्षांत मोजक्या वेळा बदलावी लागली असेल. मी याला अनुभव म्हणायचो.

त्या सभेत विषय क्रमांक नऊ होता घनकचरा टाकण्याची जागा ठरवणे. आधी जी जागा बघितली होती तिच्या शेजारी उपाध्यक्षांच्या मेव्हण्याचे प्लॉट पडत होते. म्हणून नवी जागा सुचवली गेली ती बौद्ध वस्तीच्या मागचं मैदान. त्या मैदानाच्या कडेला वस्तीची विहीर. नळ आटले की चैत्र-वैशाखात सगळी वस्ती त्याच विहिरीवर. भागाबाईंच्या चक्कीवर हा विषय आठ दिवस रोज वाचला गेला. सगळ्यांनी त्यांना सांगितलं, भागाबाई, हे थांबवा. आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “माहा विरोध नावासकट लिहून आनतो.”

सभेच्या पंधरा दिवस आधी नालीच्या फरशीवरून पाय घसरून त्यांचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. मी बघायला गेलो तेव्हा त्या काळजीत नव्हत्या. “बरं झालं तुमी ते फोनचे नियम केले. माह्यासाठीच केल्यासारखे झाले.” मुलीने त्यांना फोन आणून दिला होता. मी तासभर बसून सभेत कसं यायचं ते शिकवलं. निघताना म्हणाल्या, “दिसतो ना मी त्यात नीट?” मी म्हटलं, “दिसता.”

सभेच्या दिवशी त्यांनी चक्की बंद ठेवली. पोत्यावर पाय, पाठीमागे भिंत. वस्तीतल्या बायका सभा ऐकायला जमल्या होत्या. भागाबाईंनी त्या सगळ्यांना बाहेर काढलं. “बाहीर बसा, नियम हाये.” मला हे नंतर वच्छलाबाईंनी सांगितलं. त्या सगळ्या रस्त्यापलीकडे, आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन बसल्या. जाता जाता त्यांनीच शटर बाहेरून ओढून घेतलं होतं. पडद्यावर भागाबाईंनी फोन गोल फिरवला. पट्टा, जातं, पोती, बंद शटर. “पाहा जी. कोनी नाही. माशीबी नाही.” सभागृहात हशा झाला. बाकी फोनवरच्यांपैकी कुणीही खोली दाखवली नाही, आणि मीही कुणाला दाखवायला सांगितली नाही.

सातव्या विषयाला एका सदस्याच्या मागे ट्रॅक्टर सुरू झाला आणि सगळ्या सभागृहात त्याचा आवाज भरला. मी संगणकावरून फोनवरच्या सगळ्यांचे आवाज बंद केले. ते परत मलाच सुरू करायचे होते. आठवा विषय झाला. नववा मी वाचला.

संगणकाचा पडदा माझ्याकडे तोंड करून होता. डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत भागाबाईंचा हात वर गेला.

नगराध्यक्षांनी विचारलं, “कुणाचा विरोध?” त्या नव्या होत्या, समोरच्या माणसांकडे बघून विचारत होत्या. सभागृहात कुणी बोललं नाही. पडद्यावर भागाबाई बोलत होत्या. आवाज नव्हता. त्या एका पायावर उठायचा प्रयत्न करत होत्या, भिंत धरून, कारण मीच शिकवलं होतं की उठून बोलायचं. ओठ वाचायला मला येत नाही. पण ते वाक्य मी शिकवलेलं होतं, त्यामुळे मला वाचता आलं.

माझं बोट माऊसवर होतं. उपाध्यक्ष म्हणाले, “नाही कोनाचा. घ्या मोठेबाबू, समोरचा घ्या.”

मी पुढचा घेतला.

मला कुणी धमकी दिलेली नव्हती. कुणी काही देऊ केलं नव्हतं. नोकरी तर आधीच संपलेली होती. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातं, कारण धमकी असती तर निदान टेकायला काहीतरी असतं. मला वाटलं, आता थांबवलं तर वाद होईल, मतदान घ्यावं लागेल, सभा लांबेल. वाटलं, पुढच्या विषयाला आवाज सुरू करू, मग बाई बोलतील. दहाव्याला मी आवाज सुरू केले. भागाबाई म्हणाल्या, “मोठेबाबू, नऊ नंबरले मी बोलली, आलं का?” नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाई, तुमचा आवाज बंद होता. नियम वाचून दाखवलेला आहे.” त्यांनी मान डोलावली. बहुतेक त्यांना वाटलं, मोठेबाबू मागून बरोबर करून घेतील.

ठरावाची प्रत त्याच दुपारी यवतमाळला जायची होती. आदल्या दिवशी लिहिलेलं पान मी तसंच टाइप करायला दिलं. सही करताना अनुमोदकाचं नाव दिसलं. पाळीने त्या विषयावर आलेलं नाव भागाबाईंचं होतं. लिहिताना ते मला जाणवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. सही करताना जाणवलं. शिपाई दारात उभा होता. बदलायचं तर पान परत टाइप करावं लागलं असतं आणि का बदलता हे सांगावं लागलं असतं. मी सही केली.

आठ दिवसांत ठरावाची झेरॉक्स वस्तीत पोचली. कुणी पोचवली ते मला माहीत नाही, अंदाज आहे. भागाबाई रिक्षाने कार्यालयात आल्या, कुबडी घेऊन. झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. बोट तसंच धरून म्हणाल्या, “हे कोनी लिहिलं?”

“टाइपिस्टने...”

“टाइपिस्टाचं नाही इचारून राह्यली मी.”

मी समोरची फाइल उघडली.

“मी बोलली होती ना? तुमाले दिसत होती ना मी? तुमीच म्हने ना, नीट दिसता म्हनून?” आणि मग आवाज खाली आणून, जो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, “वस्तीत म्हनतात मी मैदान इकलं. शटर लावून इकलं म्हनतात. कोनी आयकलं नाही ना मले, त्यायलेच मी बाहीर काढलं होतं. ते तुमच्या कॅम्प्युटरात फिल्म असते ना? त्यात माहा हात दिसन. ते दाखवा फक्त सगळ्यायले.”

मी म्हटलं, “त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही, बाई.”

झालं होतं. संगणकात होतं. त्या गेल्यावर मी ते उघडून पाहिलं. हात स्पष्ट दिसत होता. भिंत धरून त्या उठतात, पाय लटपटतो, तरी हात खाली येत नाही.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. चूक दुरुस्त करायची ती तिथेच करता येते, नंतर नाही. भागाबाई सभागृहात आल्या होत्या. उठल्या. ओरडल्या नाहीत. “नऊ नंबरचं खोटं हाये. मी विरोध केला होता. मोठेबाबूयनं पाह्यलं. त्यायले इचारा, ते खोटं बोलत नाहीत.”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. नगराध्यक्षांनी विचारलं, “मोठेबाबू, काय झालं होतं?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण दुसऱ्या वाक्यात सांगावं लागलं असतं की बाईंचं नाव मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहिलं होतं. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, म्हणजे बाकीचे ठरावही? सगळेच? नियमाचा माणूस म्हणून माझं जे काही नाव होतं ते त्या टेबलावर फुटलं असतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “इतिवृत्त नियमाप्रमाणे आहे.”

भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. चक्कीवर एखाद्याचं दळण दुसऱ्याच्या डब्यात गेलं की त्या जशा क्षणभर डब्याकडे बघत राहत, तसं पाहिलं. मग खाली बसल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

त्यानंतर त्या सभेत कधी बोलल्या नाहीत. हजेरीवर सही करायच्या, सावकाश, एकेक अक्षर, आणि बसून राहायच्या. शनिवारी आल्या नाहीत. चक्कीवर वस्तीतलं कुणी दळण आणेना. बायका डबे घेऊन त्यांच्या दारावरून पलीकडच्या आळीतल्या चक्कीवर जात. भांडण कुणी केलं नाही, शिवी कुणी दिली नाही. नुसते डबे पुढे जात. खिळ्यावरची शेवटची विषयपत्रिका पिवळी पडेपर्यंत तशीच होती, हे मी एकदा जाता-येता पाहिलं. मैदानावर कचऱ्याच्या गाड्या सुरू झाल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी कुणी पिईना. आता उन्हाळ्यात तिथे टँकर येतो म्हणतात, येईल तेव्हा. मैदानात कचरा जळत असतो आणि वारा वस्तीकडे असतो.

पुढच्या निवडणुकीला भागाबाई उभ्या राहिल्या नाहीत. चक्की विकली. मी तोवर काम सोडून दारव्ह्याला मुलीकडे राहायला आलो होतो. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली. माझे ते नियम बाजूच्या दोन गावांनी मागवून घेतले होते, हे आवर्जून सांगितलं गेलं. आवाज बंद असेल तर संमती, तो नियमही त्यांत होता. तो अजून तिथे चालत असेल. माझं तोंड उघडलं असतं तर निदान तेवढं तरी थांबलं असतं.

मागच्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या बाजारात वच्छलाबाईंचा मुलगा भेटला. त्याच्याकडून कळलं की भागाबाई पांढरकवड्याला आहेत, हायवेजवळ दुसऱ्याच्या चक्कीवर कामाला. चार दिवस मी विचार केला आणि पाचव्या दिवशी बस धरली. यवतमाळला बस बदलली. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट पाठ करत होतो, आणि ती कितीही वेळा म्हटली तरी लहानच होत होती.

चक्की मोठी होती, दोन जाती, बाहेर दहा-बारा माणसांची रांग. ट्रकवाल्यांच्या ढाब्यांचं पीठ तिथूनच जात असावं, मोठमोठी पोती पडलेली. भागाबाई आत होत्या. वाळल्या होत्या. पाय ओढत पोतं सरकवत होत्या आणि त्यांच्या पोराच्या वयाचा मालक खुर्चीवर बसून त्यांना “ए बुढी, ते बाजरीचं आधी घे” म्हणत होता. त्या ‘हो’ म्हणून बाजरीचं आधी घेत होत्या. 

मी रांग सोडून पुढे गेलो. त्यांनी मला ओळखलं. कपाळावरचं पीठ मनगटाने पुसलं. “जयभीम,” म्हणाल्या. ‘मोठेबाबू’ म्हणाल्या नाहीत.

मी बोललो. दोन्ही जाती चालू होती. त्यांनी कानाला हात लावला. “मोठ्यानं बोला, आयकू येत नाही.”

मागे रांग होती. खुर्चीवर तो माणूस होता. रांगेतले दोघेतिघे माझ्याकडे बघू लागले होते, एवढ्या धुवट कपड्यांतला म्हातारा इथे कशाला म्हणून. जे मला सांगायचं होतं ते तिथे ओरडून सांगावं लागणार होतं. मी पुन्हा तोंड उघडलं.

“दळन हाये का?” भागाबाईंनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मंग बाजूले व्हा जी. मागं लोक खोळंबले.”

मी बाजूला झालो. त्यांनी पुढच्या बाईचा डबा घेतला, झाकण काढलं, हात घातला. मी थोडा वेळ भिंतीशी उभा राहिलो. त्यांनी परत वर पाहिलं नाही. मग बसची वेळ झाली.

त्या रांगेसमोर, दोन्ही जात्यांच्या वर आवाज काढून, मला एवढंच म्हणायचं होतं: भागाबाई, त्या दिवशी तुम्ही उठला होतात, तुमचा हात वर होता, तुम्ही नाही म्हणाला होतात. मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा.